द्वारकेवर पडलेला धोंडा

“म्हंजे कृष्णाची द्वारका धोंडा पडून बुडाली म्हनताय?” सासूबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं.

“धोंडा न्हवं गं, उल्का! आभाळातनं समुद्रात पडली, लाट उसळली. असं झालं असंल, एवढंच म्हनतोय मी.”

आमचे आप्पाजी, म्हणजे माझे सासरे. मूळचे निपाणीकडचे. बंगळूरजवळ बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करून निवृत्त झाले आणि आकाशाच्या नादी लागले. बसवनगुडीच्या एका मराठी मंडळात त्यांचं पहिलंवहिलं भाषण होतं. आठवडाभर घरात प्रलयाशिवाय विषय नाही. मी पुण्याची, स्पष्ट सांगते, वैताग आला होता. पण माणूस इतका गोड, रागावणार कसं?

सासूबाईंचं, गंगव्वांचं, पाण्याशी वेगळंच. लग्नाच्या वर्षी नदीला पूर आला, तेव्हा नदीची ओटी भरायची सासूबाईंकडून राहिली. त्याच पुरात त्यांचा धाकटा भाऊ वाहून गेला. नवरी चुकली, नदी कोपली, गावानं ठरवून टाकलं. हे मला आप्पाजींनी सांगितलं. अजून दारात पाण्याचा टँकर आला तरी सासूबाई आधी त्याला हळदकुंकू वाहतात! ड्रायव्हर बिचारा “सरी अक्का, सरी”, म्हणजे बरं ताई, बरं, म्हणत थांबतो.

भाषणाला त्या येणारच नव्हत्या. “देवाची गोष्ट खोटी पाडालायसा, मी कशाला येऊ?” आप्पाजींचं तोंड एवढंसं झालं. साऱ्या बंगळूरनं टाळ्या वाजवल्या असत्या तरी त्यांना बायकोच समोर हवी होती. शेवटी मीच सासूबाईंना ओढून नेलं.

आप्पाजी अडखळले, घामाघूम झाले. मग म्हणाले, “पाप केलं, शाप लागला, म्हणून द्वारका बुडाली म्हणतात. पण नुसता दगडच पडला असंल तर? मग त्या बिचाऱ्यांची कायबी चूक न्हवती.”

“वो!” सासूबाई उभ्याच राहिल्या. “काय म्हटलासा आत्ता? स्वल्प परत सांगा की.”

लोक हसले. आप्पाजी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि सरळ बायकोकडे बघत म्हणाले, “चूक न्हवती, गंगा. कुनाचीच न्हवती.”

सासूबाई खाली बसल्या. पुढचं भाषण त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

परतताना ऑटोत त्यांनी माझा हात धरला. “मुग्धा, आमचा हरी लई द्वाड होता बघ,” म्हणाल्या. भावाचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. बोम्मसंद्र्याचं घर येईपर्यंत त्या हरीच्या खोड्या सांगत राहिल्या, आणि आम्हाला हसवत राहिल्या.