खर्च सोडला कोणी?

मी पिशवी बोलतेय. बाजाराची नव्हे, कोर्टाची. तुमच्या घरात माझी बहीण नसेल, तर देवाला हात जोडा.

वरसे गावातल्या एका सीटवाल्याने रिक्षाच्या उरलेल्या रेक्झिनमधून मला शिवलं. मालूने मला नवऱ्यासाठी घेतलं. तिचा नवरा दाजी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत फिटर होता. पितळी व्हॉल्व्ह चोरल्याचा आळ घालून कंपनीने त्याला काढलं. कामगार न्यायालयाने आळ खोटा ठरवला आणि त्याला कामावर परत घ्यायला सांगितलं. मागचा पगार मात्र दिला नाही. कंपनीला तेवढंही सोसलं नाही. त्या निकालाविरुद्ध ती हायकोर्टात गेली आणि माझ्या मुंबईच्या खेपा सुरू झाल्या.

अकरा वर्षं हे चाललं. तोवर दाजीचं निवृत्तीचं वयही उलटून गेलं, म्हणजे नोकरी गेलीच. वॉचमनकी करून तो घर कसंबसं चालवत होता. वकिलाची फी, झेरॉक्स, गाडीभाडं, हे सगळं मालूने ओढलं. ती रोज पेणला जायची, गणपतीच्या कारखान्यात. तिच्याकडे आखणीचं काम होतं, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचं.

मग तिचाच उजवा डोळा धुरकटला. मालकाने तिला पाट रंगवायला बसवलं. पनवेलच्या डॉक्टरांनी पडद्याचं ऑपरेशन सांगितलं. त्याला पैसा कुठला? वकीलबाई मनस्वी म्हणाल्या होत्या, जिंकलो तर कंपनीकडून खटल्याचा खर्च मागून घेऊ. मालूची सगळी भिस्त त्यावरच होती. निकालाच्या दिवशी मला दाजीच्या हातात देताना तिने दोनदा आठवण केली.

आता हैबतरावांबद्दल सांगते. हे कंपनीचे साहेब, दाजीविरुद्ध कागदांवर सह्या करणारे. तारखेला तेही रोह्याहून आमच्याच गाडीने यायचे. पहिली दोन वर्षं त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग पेपर दिला, मग शेंगदाणे. माणसांची ही खोड मला कधी कळली नाही. वैरी वरचेवर भेटू लागला की त्याला ती सोयरा समजू लागतात.

त्या दिवशी कोर्टाबाहेर हैबतरावांनी दाजीचा हात धरला. खर्च लागला तर ठपका आपल्यावर येईल, चार महिन्यांत रिटायर होतोय, सांभाळून घ्या, असं म्हणाले. दाजीने हात सोडवून घेतला नाही. मला तेव्हाच धसका बसला.

आत न्यायमूर्तींनी कंपनीची याचिका फेटाळली. कामगाराला इतकी वर्षं फरफटवलंत, पन्नास हजार खर्च लावतो, म्हणाले. कंपनीचे वकील गयावया करू लागले. खर्च सोडता का, असं न्यायमूर्तींनी आमच्या वकीलबाईंना विचारलं. बाईंनी वळून दाजीकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे सायेब," दाजी हात जोडून म्हणाला. "नाव साफ झाला, बास."

मी त्याच्या काखेत होते. तिथल्या तिथे फाटून जावं असं वाटलं.

दाजी पेढे घेऊन घरी आला. मुलगी प्रणिता निकाल वाचून आईला मराठीत सांगू लागली. शेवटची ओळ होती, खर्चाबाबत आदेश नाही. मालूने ती पुन्हा वाचायला लावली. मग, असं कसं झालं, म्हणून दाजीला विचारलं. त्याने सगळं सांगितलं. थोडं अभिमानानेच सांगितलं, म्हणाला, मेलेल्याला काय मारायचा गो.

मालूने पेढा खाली ठेवला. ओरडली नाही.

"खर्च माझा झाला व्हता," ती म्हणाली. "तुमी कोन सोडनार?"

माझ्या पोटात अकरा वर्षांचे कागद होते, त्यांतही याचं उत्तर नव्हतं.

आता मी खिळ्याला लटकलेय. कोणी आलं की दाजी मला काढतो, निकाल दाखवतो. लोक म्हणतात, दाजी, मन मोठं तुझं. मालू तेव्हा चहा आणते, कप टेकवण्याआधी डाव्या हाताने जागा चाचपते.

कोर्टातल्या मोठ्या लोकांनो, एवढंच मागणं आहे. खर्च सोडता का, असं पुन्हा कधी विचाराल, तेव्हा पिशवी धरून उभा असलेल्याला विचारू नका. ती जिने भरली, तिला बोलावून घ्या.