वीस फुटांवरून मारलेली थाप

मी अक्षरांचा तक्ता बोलतोय. डोळे तपासायच्या खोलीत भिंतीवर टांगलेला असतो ना, वर एक भलंमोठं अक्षर आणि खाली उतरत उतरत मुंग्यांएवढी बारीक ओळ, तोच मी. माझ्याकडे आजवर कुणी सरळ तोंडानं पाहिलेलं नाही. कुणी नाक मुरडतं, कुणी मान पुढे काढतं, कुणी कपाळाला आठ्या घालतं. रस्त्यात कुणाकडे असं रोखून पाहिलं तर भांडण होईल. मी निमूट सोसतो, कारण मनातल्या मनात हसत असतो.

मला दोन बाजू आहेत. पुढे अक्षरं आणि मागे चित्रं. ज्यांना अजून वाचता येत नाही अशा चिमुरड्यांसाठी घर, बदक, छत्री आणि चेंडू. मूल आलं की मला उलटं करायचं, मूल गेलं की पुन्हा सुलटं. एवढीच काय ती माझी कसरत.

माझी पहिली नोकरी चष्म्यांच्या एका मोठ्या दुकानात होती. गावोगावी शाखा, काचेचे दरवाजे, सगळ्यांना एकसारखे कोट. तिथे दर बारा मिनिटांनी घंटी वाजायची. घंटी वाजली की खुर्चीतला माणूस उठायचा आणि पुढचा बसायचा. मग एके दिवशी माझ्या जागी विजेचा चकचकीत पडदा आला आणि माझी रवानगी मोडक्या खुर्च्यांच्या अडगळीत झाली. त्याच आठवड्यात तिथे डोळे तपासणाऱ्या आमच्या बाईंनी राजीनामा दिला. एक म्हातारी आपल्याला कधीपासून अंधुक दिसतंय ते सांगत होती, तिचं वाक्य अर्धवट असतानाच घंटी झाली, एवढंच निमित्त. जाताना बाईंनी विचारलं, ‘हा तक्ता मी नेऊ का?’ कुणी नाही म्हणालं नाही. त्यांनी मला काखेत मारलं आणि आम्ही दोघं बाहेर पडलो.

बाईंनी स्वतःसाठी जी जागा शोधली ती बोळासारखी लांबट होती. तिथे कुणाचंच दुकान टिकत नसे. बाईंनी मात्र टेप काढून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंतर मोजलं, ते बरोबर वीस फूट भरलं आणि त्या एकट्याच हसल्या. माझ्यापासून माणसाला बसवायचं असतं ते वीस फुटांवरच. बाहेरच्या अंगाला त्यांच्या थोरल्या बहिणीनं टेबल मांडलं. सगळे त्यांना ताई म्हणतात. चष्म्याच्या काड्या गरम करून वाकवणं, स्क्रू आवळणं, कुणाच्या नाकाला कुठली फ्रेम शोभत नाही ते तोंडावर सांगणं, हे त्यांचं खातं.

इथल्या नऊ वर्षांत मी काय काय थापा ऐकल्या म्हणून सांगू. ‘मला दिसत नाही’ असं सरळ म्हणणारा माणूस लाखात एक. बाकीचे म्हणतात, छपाई फिकट आहे. उजेड कमी आहे. काल झोप झाली नव्हती. एखादे नवरा-बायको आले की बायको मागे बसून हळूच अक्षरं पुरवणार आणि नवरा आपल्या अकलेनं वाचल्यासारखा मिरवणार. उलट कॉलेजच्या मुली. त्यांना चष्मा हवाच असतो, म्हणून वरचं ताटाएवढं अक्षरही दिसेना म्हणतात. बाई सगळं ओळखून असतात. इथे घंटी नाही, त्यामुळे थाप मारणाराच शेवटी कंटाळून खरं बोलतो.

असं छान चाललं होतं आणि माशी शिंकली. त्याच मोठ्या दुकानाचा एक माणूस आला. गळ्यात टाय, हातात फाईल, म्हणून ताईंनी त्याचं नाव साहेब ठेवलं. साहेबांचं म्हणणं असं, की दुकान आम्हाला द्या, तुम्ही इथेच पगारावर शाखाप्रमुख व्हा. डोक्याला ताप नाही, रजा मिळेल, पाटी आमची, पडदा आमचा. ‘पडदा’ म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला मोडक्या खुर्च्यांची अडगळ आठवली.

बाई थकल्या होत्या हे खोटं नव्हतं. सकाळी कुलूप उघडण्यापासून संध्याकाळी लाद्या पुसण्यापर्यंत सगळं त्यांच्याच अंगावर. गेल्या चार वर्षांत त्यांनी सलग दोन दिवस सुट्टी घेतलेली नव्हती. त्या म्हणाल्या, गुरुवारी या, एक दिवस काम बघा, मग सही करते. ताई एकच स्क्रू चार वेळा आवळत बसल्या.

गुरुवारी साहेब आले आणि कोपऱ्यात मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. पहिली आली एक चार वर्षांची पोरगी. मला उलटं केलं गेलं. पोरगी छत्रीला भूछत्र म्हणाली आणि बदकाचं काय चुकलं म्हणून ते असं एकटं आहे, हे विचारत बसली. बाईंनी तिला नीट उत्तर दिलं, साहेबांनी घड्याळ पाहिलं. पोरगी गेली, तेवढ्यात ताईंनी बाहेरून हाक मारली आणि बाई गडबडीत गेल्या. मी उलटाच राहिलो.

मग आत आले बसकाका. शाळेची बस चालवतात, चाळीस पोरांचे काका. दरवर्षी त्यांना डोळे बरोबर असल्याचा दाखला लागतो. ओळखीचं घर असल्यासारखे ते आपणहून खुर्चीत बसले. बाई परतल्या, साहेबांच्या घड्याळामुळे जरा घाईतच होत्या, हातातल्या कार्डात बघत त्यांनी काकांचा डावा डोळा झाकला आणि म्हणाल्या, वाचा.

काकांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी ओळ, थेट शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, न अडखळता, न चुकता, पाढे म्हटल्यासारखी माझी सगळी अक्षरं. आणि त्यांच्यासमोर होतं बदक.

मला हसू आवरेना. पण त्याहून मोठी गंमत कोपऱ्यात झाली. साहेबांनी घड्याळावरून नजर न उचलता मान डोलावली आणि म्हणाले, ‘उत्तम. दोन मिनिटं. असंच पाहिजे.’

बाईंनी वर पाहिलं. दारात ताई उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला होता. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा डोळा झाकला. काकांनी पुन्हा सगळं म्हणून दाखवलं, या खेपेला आणखी वेगात.

‘काका,’ बाईंनी हलकेच विचारलं, ‘छत्री कुठाय?’

‘छत्री? घरीच राहिली की. का हो?’

‘समोर छत्री आहे, काका. तिच्या शेजारी बदक आहे.’

काकांचा चेहरा पडला. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. बाहेरच्या बाकावर बसून, आत वाचणाऱ्यांचं ऐकून ऐकून त्यांनी मला पाठ केलं होतं. गेल्या वर्षी दोन ओळी, यंदा सगळाच. गेल्या वर्षी बाईंनी मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून सांगितलं होतं, सहा महिन्यांनी या म्हटलं होतं, पण ते फिरकले नव्हते. डोळ्यांचं काम काढलं की बस दुसऱ्याच्या हातात जाईल आणि मग ती परत मिळायची नाही, ही एकच भीती.

‘दुसऱ्या दुकानात गेलो नाही,’ काका म्हणाले, ‘कारण तिथली अक्षरं येत नाहीत मला.’

‘आमच्या पडद्यावर अक्षरं दर वेळी बदलतात,’ साहेब म्हणाले. ‘हे झालंच नसतं. नापास लिहायचं आणि पुढच्याला बोलवायचं.’

खरं सांगतो, मला तोंड लपवायला जागा उरली नाही. साहेबांचं बरोबर होतं. माझ्या भरवशावर हा माणूस चाळीस पोरं घेऊन रस्त्यावर फिरला असता. मी इतकी वर्षं लोकांना हसलो, पण ही थाप माझ्याच अंगाखांद्यावर वाढली होती.

बाईंनी पुढच्याला बोलावलं नाही. बाहेरच्या दोघांना ताईंनी समजावून दुपारची वेळ दिली. बाईंनी काकांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत शेजारी स्टूल घेऊन बसल्या. बस आज चालवायची नाही, हे त्यांनी पहिल्यांदा बजावलं. काका चिडले, तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय म्हणाले, उठून दारापर्यंत गेले. बाईंनी अडवलं नाही. फक्त म्हणाल्या, ‘मोतीबिंदूच आहे ना, काका. काढला की दिसतं. घाबरलात म्हणून सांगितलं नाहीत, एवढंच.’ काका दारातच थबकले आणि परत येऊन बसले.

मग बाईंनी शस्त्रक्रिया करणाऱ्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि तारीख घेतली. त्यानंतर शाळेला फोन. काकांना दोन महिने बसमध्ये पोरांची चढउतार सांभाळू द्या, चालवायला दुसरा बघा, आणि डोळे बरे झाले की बस त्यांचीच, हे शाळेकडून कबूल करवून घेईपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. काका समोर बसून हातरुमालानं डोळे टिपत होते. थेंबांमुळे पाणी येतंय म्हणाले. ही थाप मात्र कुणीच पकडली नाही.

काका गेल्यावर साहेबांनी फाईल उघडून पेन पुढे केलं. बाईंनी विचारलं, ‘तुमच्याकडे त्यांना किती वेळ मिळाला असता?’

‘बारा मिनिटं. ठरलेलंच आहे ते.’

‘आज सव्वा तास लागला.’

‘तेच तर म्हणतोय मी.’

बाईंनी फाईल मिटून त्यांच्या हातात दिली. ‘मला तो सव्वा तास हवाय, साहेब.’

साहेब गेले. ताईंनी दुकानाच्या पाटीवरची धूळ पुसून काढली. संध्याकाळी लाद्या बाईंनाच पुसाव्या लागल्या, पण पुसताना त्या कुठलंसं गाणं गुणगुणत होत्या.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी एक नवा तक्ता विकत आणला, वेगळ्या अक्षरांचा. आता आम्ही आलटून पालटून भिंतीवर असतो. सवत म्हणा हवं तर. तिचा कागद पांढराशुभ्र, माझ्या कडा पिवळ्या पडलेल्या. मी तिच्याशी बोलत नाही, पण ती हवी होती हे मला कळतं.

दोन महिन्यांनी दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करून बसकाका आले. भिंतीवर मीच होतो. या वेळी त्यांनी घाई केली नाही. एकेका अक्षरावर थांबून, जणू आमची आजच गाठ पडली असं बघत, सावकाश वाचत खाली आले. शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकले, थांबले, दुरुस्त केलं. मग खुर्ची फिरवून बाईंकडे बघत राहिले.

‘बाई, तुमचे केस बरेच पिकले की हो.’

बाहेर ताई खो खो हसत सुटल्या. बाईंनी कानामागे बट सारली आणि दाखल्यावर सही केली. सही जरा वाकडी आली.

तर मंडळी, तुम्ही कधी माझ्यासमोर बसलात तर खुशाल डोळे बारीक करा, नाक मुरडा, मला वाईट वाटत नाही. फक्त एक करा. नाही दिसलं तर नाही दिसत म्हणा. आमच्या बाईंना वेळ आहे.