उठताना हात लागतो

शुद्धलेखनात काही चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच येतील. मी बाक बोलतोय, आणि माझी शाळा फार लवकर सुटली. चौथीच्या वर्गात शेवटच्या रांगेत होतो. तिथून फळा निम्माच दिसायचा.

एकदा खिडकीतून भांडण बघायला पाचसहा मुलं एकदम माझ्यावर चढली आणि माझी पाठ मोडली. मला मागच्या शेडमध्ये टाकलं. माझ्या जागी नवा बाक आला. तीच मुलं आता त्याच्यावर नावं कोरताहेत, एवढं शेडच्या फटीतून ऐकू यायचं. शाळेत असताना करकटक टोचलं की मला राग यायचा. आता वाटे, टोचायचंच होतं तर मला टोचा की! जळफळाट म्हणजे काय, ते मी तिथे शिकलो.

पुढे शाळेनं मोडकं लाकूड काढून टाकलं, तेव्हा एका सुतारानं मला मागून नेलं. तरुण, अबोल. घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. त्याच्या आईचं इस्त्रीचं दुकान आहे. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायचे. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, "मावशी, अधूनमधून बसा. नाही बसलात तर दुकानाला कुलूप लावायची वेळ येईल."

वर्षाच्या शेवटी सुट्टीत सगळं घर जमायचं आणि मुलं आईला काहीतरी द्यायची. धाकट्यानं ठरवलं, या वेळी बाक द्यायचा. कारखान्यातलं काम आटोपलं की तो माझ्याकडे वळायचा. त्यानं माझी पाठ काढून टाकली, बसायच्या फळीला रंधा मारला, कडा घासून गोल केल्या. पायांची खालची टोकं ओल लागून कुजली होती, ती कापली. जुन्या घोंगडीची गादी शिवून घेतली. एवढ्या मायेनं माझ्यावर कधी कुणी हात फिरवला नव्हता. मी मनात म्हटलं, आता माझं एक माणूस आहे.

पण एक चूक झाली. आईचं माप घ्यायला धाकटा लाजला. त्यानं माझ्यावर स्वतःच बसून पाहिलं. कारखान्यात तो दिवसभर जमिनीलगतच्या पाटावर बसून काम करतो, त्याला ठेंगणंच सवयीचं. आधीच मी चौथीच्या मुलांच्या मापाचा, त्यात पाय कापलेले. त्याला वाटलं, झकास जमलंय.

सुट्टीत मला दुकानात नेलं, तर तिथे आधीच ती होती. खुर्ची! दादानं, म्हणजे थोरल्यानं, मोठ्या दुकानातून आणलेली. गोल फिरणारी, चाकांची, उंच पाठीची. अंगावरचा प्लॅस्टिकचा कागदही तसाच.

आई माझ्यावर बसली. गुडघे पार छातीशी आले.

"अरे, हे बसणं की लपणं?" ती म्हणाली.

वहिनीला हसू आवरेना. "भावजी, आईंना परत शाळेत घालताय का?"

धाकटा कानापर्यंत लाल झाला. आई उठायला गेली, तर उठताच येईना. शेवटी दादानं हात धरून ओढलं. "गंमत पुरे. आई, तू आपली खुर्चीतच बस," तो म्हणाला.

आईनं धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण मला उचलून दाराबाहेर ठेवलं. दवाखान्यात नंबर लावून लोक उभे असतात, त्यांना बसायला होईल म्हणून.

म्हणजे मी बाहेर, खुर्ची आत. दारातून मला फक्त तिची उंच पाठ दिसायची. आई त्या पाठीला टेकून बसली असेल, मागेपुढे झुलत असेल, या विचारानं मी उन्हापेक्षा जास्त तापायचो. माझ्यावर कोण बसायचं? खोकणारे, तापानं फणफणलेले, बूट बांधायला पाय ठेवणारे. ज्याच्यावर राग असेल त्याला मी हळूच डगमगून दाखवायचो. आतल्या बाईसाहेबांचं वैभव आठवलं की रोजच कुणावर ना कुणावर राग असायचा.

आणि एका दुपारी आई बाहेर आली, पाय ओढत. माझ्यावर बसलेल्या टपालवाल्या काकांना म्हणाली, "सरका जरा."

"आत एवढी राजेशाही खुर्ची असताना?" काका म्हणाले.

"तिच्यावर लोकांचे कपडे बसलेत. एवढी महागाची वस्तू, कागद काढायचा माझा जीवच होत नाही. म्हटलं, खराब व्हायची."

काय सांगू तुम्हाला! ज्या पाठीवर मी इतके दिवस जळलो, तिला शर्टांचा ढीग टेकलेला होता.

थोड्या वेळानं आईनं हात पुढे केला. काकांनी तिला ओढून उठवलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरनी उठवलं. मग ते ठरूनच गेलं. आई दर थोड्या वेळानं बाहेर येऊन बसायची आणि उठायला कुणीतरी हात द्यायचंच. हात दिला की चार शब्द निघायचे. कुणाचा मुलगा परगावी गेला, कुणाच्या घरी कुणी उरलं नाही. पायांची सूज उतरली. दुकानाला कुलूप लावायचा विषय मागे पडला.

मी सुखी झालो असं वाटतंय ना? छे! आता मला त्या हातांचा हेवा वाटू लागला. बसवून घेणारा मी, आणि "देव तुमचं भलं करो" हे त्यांना.

एका संध्याकाळी धाकटा लाकडाचे तुकडे घेऊन आला. खाली मान घालून म्हणाला, "आई, माझं माप चुकलं. याचे पाय उंच करून देतो."

"हात लावशील तर बघ," आई म्हणाली. "आत उभी असते तेव्हा माझ्याशी इस्त्रीच तेवढी बोलते. हा बाक उंच झाला तर मी आपली आपण उठेन. मग हात कोण देईल मला?"

धाकट्यानं तुकडे खाली ठेवले. मग तो माझ्यावर बसला आणि पहिल्यांदाच हसला. उठताना आईनंच त्याला हात दिला.

तुम्ही कुणाला काही देणार असाल तर एवढंच मागणं आहे, कागद काढून द्या. वापरलं जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं खुर्चीचा कागद टराटरा फाडला आणि तिला बाहेर आणून माझ्या शेजारी ठेवलं, ज्यांचे गुडघे माझ्यापर्यंत वाकत नाहीत त्यांच्यासाठी. खुर्ची उन्हात चमकत होती. मग आई माझ्यावर येऊन बसली आणि तिनं चपला काढल्या. त्या कुणाच्या पायाशी काढल्या, ते मी नीट पाहून घेतलं. माझ्याच.