अडुसष्ट पायऱ्या

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दुपारची जेवणे आटोपता आटोपता, वकिलातीतून फोन येत असे. त्या परक्या शहरात राहणाऱ्या आपल्या देशाच्या दोनशे अकरा माणसांची नोंदवही ज्या कारकुनाच्या ताब्यात होती, तो प्रत्येकाला स्वतः फोन करी आणि तेच ते प्रश्न विचारी. पत्ता तोच आहे का, घरात माणसे किती, चालता न येणारे कुणी आहे का, रोजची औषधे कोणती, आणि घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत पायऱ्या किती. या शेवटच्या प्रश्नामुळे लोकांनी त्याचे नाव पायरीसाहेब ठेवले होते. कुणी म्हणे, साहेबांना जिने विकत घ्यायचे आहेत. कुणी गंमत म्हणून दर महिन्याला एक पायरी वाढवून सांगे. तो तीही निमूटपणे लिहून घेई आणि पुढच्या महिन्यात विचारी, आता किती झाल्या.

त्या दोनशे अकरांत एक ती होती; तिला सोमवारी सुट्टी असे. इतर दिवशी ती मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात वाफेच्या इस्त्रीवर चादरी आणि शस्त्रक्रियेचे गाउन दाबत असे. आई गेल्यावर तिने वडिलांना आपल्याजवळ आणले होते. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, समोर पाण्याची टाकी, आणि आल्यापासून बंद असलेली लिफ्ट. वडिलांनी चौतीस वर्षे लिफ्टदुरुस्ती केलेली. त्या बंद दारासमोर उभे राहून ते आत नेमके काय बिघडले असेल ते तिला समजावून सांगत. पण वर यंत्राच्या खोलीपर्यंत चढण्याइतके गुडघे राहिले नव्हते, आणि घरमालक सुटा भाग येतोय, येतोय म्हणत होता. पायरीसाहेबांचा फोन आला की शेवटचे उत्तर वडीलच देत. "चौसष्ट. मागच्या महिन्यात चौसष्टच होत्या. इमारत वाढली तर कळवतो."

पुढे गुडघे इतके बिघडले की सलग सात आठवडे वडिलांनी रस्ता पाहिला नाही. हे धुलाईघराच्या मुकादमबाईंना कळले. बाई तिथल्याच, बोलायला फटकळ. त्यांनी धुलाईघरामागची जुन्या गाद्यांची खोली रिकामी करून दिली. जमिनीलगत, उंबरासुद्धा नाही. अट एकच: ही जागा राहायची नव्हे, तेव्हा कुणाला सांगायचे नाही आणि या पत्त्यावर कागदाचा चिटोराही यायला नको. कळले तर बाईंची नोकरी जायची.

म्हणून त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी ती फोनवर म्हणाली, "तोच पत्ता, साहेब." वडिलांनी फोन हातात घेऊन चौसष्टचा आकडा सांगितला, पण विनोद केला नाही. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "हा माणूस समोरच्याचं सगळं खरं धरून लिहितो गं. त्याच्याशी खोटं बोलणं जड जातं."

असे चार महिन्यांचे चार सोमवार गेले. पाचव्या सोमवारच्या आधीच शहराच्या उत्तरेकडे तोफा सुरू झाल्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वकिलातीचा संदेश आला. उद्या सकाळी दहाला संचारबंदी उठताच सर्वांनी जवळच्या ठरलेल्या ठिकाणी जमावे; ज्यांना चालता येत नाही त्यांना नोंदलेल्या पत्त्यावरून आमची माणसे घेऊन जातील; एका माणसामागे एक पिशवी. तिने तो संदेश तीनदा वाचला. नोंदलेला पत्ता म्हणजे तो चौथा मजला, जिथे आता कुलूप होते. तिने लगेच फोन लावला. लागला नाही. रात्रभर थोड्या थोड्या वेळाने लावत राहिली आणि पहाटे फोनची सेवाच बंद पडली.

सकाळी मुकादमबाई आल्या तेव्हा ती गादीवर बसून पिशवी बांधत होती, सोडत होती. तिने सगळे सांगितले. पत्ता खोटा दिल्याचेही. बाई बाहेर जाऊन मळक्या चादरींची मोठी ढकलगाडी ओढत घेऊन आल्या. तळाला चार घड्या केलेल्या धुतलेल्या चादरी अंथरल्या आणि वडिलांना म्हणाल्या, बसा. वाटेत कुणी अडवले तर रुग्णालयाचा रुग्ण आहे असे सांगायचे, गाडीवर रुग्णालयाचे नाव आहेच. ती आभार मानू लागताच बाईंनी तिला दाराबाहेर ढकललेच. त्यांच्याच शहराची ही लढाई होती, त्यांना न्यायला कुठूनही बस येणार नव्हती, आणि त्या दिवशीच्या चादरी धुवायच्या होत्या.

दहाला निघून दहा-वीसला पोचावे असा तिचा अंदाज होता. पण टाकीजवळचा रस्ता सैनिकांनी बंद केला होता आणि मागच्या गल्ल्यांतून वळसा घ्यावा लागला. गाडीचे पुढचे डावे चाक सारखे आडवे फिरे. वडील गुडघे छातीशी घेऊन आत बसले होते आणि आतूनच सूचना देत होते. "या चाकाला जन्मात कुणी तेल दाखवलेलं नाही. जरा मागे घे. हां, आता उजवीकडून रेट." एका वळणावर फार जवळ आवाज झाला आणि वरून काचा पडल्या. तिने वाकून वडिलांच्या डोक्यावर चादर ओढली. चादरीखालून ते म्हणाले, "इतकी वर्षं माणसं वर-खाली नेली. आडवा प्रवास हा पहिलाच." ती हसली नाही. चादरीवरची काच झटकली आणि पुन्हा ढकलू लागली.

इमारतीपाशी पोचायला सव्वाअकरा झाले. रस्ता रिकामा होता. तळमजल्यावरचा चावीवाला दुकानाचा पत्रा अर्धा ओढून आत बसला होता. त्याने सांगितले की साडेदहाला एक गाडी आली होती. स्ट्रेचर घेतलेले दोघे आणि चष्मेवाला एक जाडसा माणूस. चौथ्या मजल्यावरची मंडळी चार महिन्यांपूर्वीच गेली, कुठे ते ठाऊक नाही, असे त्याने त्यांना सांगितले होते. तरी तो जाडा माणूस स्वतः वर गेला. दार वाजवल्याचे खालपर्यंत ऐकू येत होते. परतला तेव्हा त्याला बोलवत नव्हते, एवढी धाप लागली होती. वर काहीतरी चिकटवून गेला आहे.

वडिलांना चावीवाल्याच्या ओसरीत ठेवून ती धावत वर गेली. कुलपाच्या वर, रेषा आखलेल्या वहीचे पान होते. अक्षर तिने कधी पाहिले नव्हते, पण ते त्या आवाजासारखेच होते, शांत आणि सुटे.

"शाळेच्या मैदानावर बस दोन वाजेपर्यंत आहे. आलात तर इथेच थांबा, मी पुन्हा येतो. बाबांना चालवत आणू नका. पायऱ्या अडुसष्ट आहेत, चौसष्ट नव्हेत."

ती कागद घेऊन खाली आली. शाळा पाच किलोमीटरवर होती. हातात अडीच तास होते आणि गाडीचे एक चाक धड नव्हते. तो पुन्हा आलाच नाही तर? एकदा येऊन गेलेला माणूस, ज्याला चावीवाल्याने स्पष्ट सांगितले होते की इथे कुणी राहत नाही, तो कशासाठी येईल? तिचे मन सारखे एकाच जागी येऊन अडकत होते: चूक आपली आहे, तेव्हा वाट पाहण्याचा हक्कही आपल्याला नाही. तिने गाडीची दांडी धरली. निघू या, ती म्हणाली.

वडिलांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

"ऐक. लिफ्ट मध्येच अडकली ना, की आतला माणूस दार फाकवून बाहेर यायला बघतो. आणि तसंच करताना जीव गमावतो. मी प्रत्येकाला बाहेरून ओरडून एकच सांगायचो. आत बसून राहा, मी येतोय. मग ती लिफ्ट त्यांनी स्वतः उड्या मारून बंद पाडलेली असो, की आपोआप बंद पडलेली. ते मी नंतर विचारायचो."

"आणि तुम्ही गेला नाहीत असं कधी झालंच नाही?"

"उशीर झाला. गेलो नाही असं नाही झालं." त्यांनी चावीवाल्याकडे पाहिले, जणू तो साक्षीदार होता. "त्यानं लिहिलंय थांबा. थांबायचं."

ती थांबली. आपण आयुष्यात कधी इतके अवघड काम केले होते असे तिला आठवेना. चावीवाल्याने न विचारता डबीतले तेल आणून गाडीच्या चाकात सोडले. वडिलांनी त्याला खाणाखुणांनी बोल्ट कुठल्या बाजूला पिळायचा ते दाखवले. बारा वाजले, साडेबारा झाले. दूरवर आवाज येत होते. प्रत्येक गाडीच्या घरघरीला ती रस्त्यावर जाऊन पाही आणि परत येई.

एकला दहा मिनिटे असताना एक पांढरी गाडी कोपऱ्यावरून वळली. पुढच्या सीटवरचा जाडसर, चष्मा लावलेला माणूस उतरण्याआधीच वही उघडत होता.

तिने धन्यवाद म्हणायचे ठरवले होते. तोंडातून निघाले ते दुसरेच. "साहेब, मी खोटं बोलले. आम्ही चार महिन्यांपासून इथे राहतच नाही."

"ते कळलं मला. वर जाऊन आलो ना." त्याने चष्मा काढून पुसला. जवळून पाहता तो तिच्याहून दहाएक वर्षांनीच मोठा होता. दोन रात्रींचे जागरण त्याच्या डोळ्यांखाली साठले होते. "आधी सांगितलं असतंत तर या वयात माझा व्यायाम वाचला असता."

"मग परत का आलात?"

हा प्रश्न त्याला विचित्र वाटला असावा. "ताई, पत्ता चुकला म्हणून माणूस थोडाच यादीतून जातो? तुमची दोघांची नावं लिहिलेली आहेत. एक तर तुम्ही बसमध्ये बसायचं, नाहीतर आम्ही येत नाही असं तुम्ही मला तोंडानं सांगायचं. त्याशिवाय मला पान उलटता येत नाही."

स्ट्रेचरवाल्या दोघांनी वडिलांना उचलले. आडवे होताच वडिलांनी त्याला गाठले. "साहेब, चौसष्टच आहेत. तुम्ही त्या बाहेरच्या चार धरल्या. लिफ्ट आतून सुरू होते."

"मी रस्त्यापर्यंत विचारत होतो, बाबा. आमचं स्ट्रेचर रस्त्यावरनं येतं."

वडिलांनी मान वळवून बाहेरच्या पायऱ्या पाहिल्या. "हां," ते म्हणाले, "मग अडुसष्ट."

वहीत लिहिण्यासाठी त्याने पेन उघडले आणि आता खरा पत्ता सांगा म्हणाला. तिने मुकादमबाईंबद्दल सांगितले. जागा कशी दिली, अट काय होती, ही ढकलगाडी कुणाची. त्याने ऐकून घेतले. मग त्यांच्या नावांपुढे हळूहळू तीन शब्द लिहिले आणि तिला वाचता यावेत म्हणून वही तिच्याकडे वळवली: नोंदलेल्या पत्त्यावर भेटले. त्यात खोटे काही नव्हते.

गाडी आपण रुग्णालयात पोचवू, असे चावीवाल्याने हातानेच सांगितले. तिने गाडीतल्या चादरी पुन्हा घडी घालून तळाशी ठेवल्या. मळलेली एक वेगळी.

शाळेच्या मैदानावर बस सुरूच होती. चाळीस माणसे उन्हात तापलेल्या बसमध्ये तीन तास बसून होती आणि कुणासाठी, हे सगळ्यांना ठाऊक झाले होते. दारातच एक बाई म्हणाली, "आली का स्वारी? आम्हाला वाटलं, हारतुरे मागवावे लागतात की काय." तिने मान खाली घातली. मग त्याच बाईने आपली पिशवी मांडीवर घेतली, शेजारची जागा हाताने पुसली आणि वडिलांचा पाय लांब करता यावा म्हणून स्वतः कडेला सरकली. दोनला पाच मिनिटे असताना पायरीसाहेबांनी उभ्याने सगळ्यांची नावे वाचली. आपल्या नावाला तिने "आहे" म्हटले, आणि वडिलांच्या नावाला संपूर्ण बसने.

सीमा, तंबू, विमान, पुन्हा रांगा. सगळे सुखरूप पार पडले. तिने त्या प्रवासात त्याला दोनदा गाठून आभार मानायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तो कुणाच्या तरी औषधांची चिठ्ठी शोधत होता.

मायदेशी पोचून दोन महिने झाले. तिला एका प्रसूतिगृहाच्या धुलाईघरात काम मिळाले आणि वडिलांसह ती तळमजल्यावरच्या एका खोलीत राहू लागली. मुकादमबाईंचे पत्र आले होते: गाडी पोचली, चाक कधी नव्हे इतके छान फिरते, आणि एक चादर कमी आहे. ती चादर प्रवासात वडिलांच्या खांद्यावरच राहिली होती. तिने धुऊन, इस्त्री करून ती कपाटात वर ठेवली. रस्ते उघडतील तेव्हा पाठवायची होती.

तो महिन्याचा पहिला सोमवार होता, हे फोन वाजेपर्यंत तिच्या लक्षातही आले नव्हते.

"ताई, मी बोलतोय. वही बंद करायचीय माझी. शेवटच्या रकान्यात प्रत्येकाचा आत्ताचा पत्ता हवा, म्हणजे सगळे पोचले असं लिहून सही करता येईल."

दोन महिने मनात जुळवलेली वाक्ये होती. सरकार म्हणजे कार्यालय, शिक्के, खिडकी असे तिला वाटत आले होते, आणि कुलूप लावलेल्या दाराशी अडुसष्ट पायऱ्या चढून आलेला एक माणूस त्यात कुठे बसवावा हे तिला उमगत नव्हते. तिने त्यातले एक वाक्य सुरू केले. त्याने ते पुरे होऊ दिले. मग थोडा अवघडून म्हणाला, "बरं. पत्ता सांगा."

तिने सांगितला. घर क्रमांक, गल्ली, समोर काय आहे ते, दार कुठल्या बाजूला उघडते तेही.

"पायऱ्या?"

"दोन सांग," खाटेवरून वडील म्हणाले.

"थांबा हं, साहेब," ती म्हणाली. फोन टेबलावर उताणा ठेवून ती दाराबाहेर गेली, आणि उंबऱ्यापासून थेट रस्त्यापर्यंत एकेक पायरीवर पाय ठेवत मोजू लागली.