सोवळेबुवांची वळणी

परतूरच्या मोंढा बाजारात श्रीपतरावांना ‘सोवळेबुवा’ हे नाव पडलं ते टिंगलीनं. रिक्षात बसायच्या आधी सीटवर पाणी शिंपडणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार! पण बुवा वस्ताद. त्यांनी तेच नाव दारावरच्या पाटीवर रंगवून घेतलं, आणि पुढं लोक ते हात जोडून घेऊ लागले. टिंगल करायला उरला एकटा त्यांचा मुलगा, वरद.

बुवांचं धुतलेलं धोतर काठीनं उंच वळणीवर वाळत पडायचं. ते नेसले की पूजा होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. गेल्या पौषात ते तसेच सोवळ्यात न्हाणीच्या पायरीवर कोसळले. सून कल्याणी धावली, हात पुढं केला.

“शिवू नको!” बुवा गरजले.

ती थबकली आणि वरदला आणायला त्याच्या मेडिकलकडं पळाली. दोघं परतले तेव्हा सारं संपलं होतं.

वरदनं तिला एका शब्दानं बोल लावला नाही. पण तेरावा झाला आणि वळणीवर राहिलेलं बुवांचं दुसरं धोतर रोज सकाळी ओलंचिंब दिसू लागलं. त्याला कुणी हात लावलेला नसायचा. “दव पडतं गं,” वरद म्हणायचा. घरात कसलं आलंय दव! मग एके दिवशी त्यानं काठी घेतली, धोतर उतरवलं आणि तसंच ओलं नेसला. जन्मभर बापाची खिल्ली उडवलेला वरद! कल्याणीला हसू आलं नाही, धडकीच भरली.

पुढं पूजा लांबत गेली. चहाचा कप तो तिला खाली ठेवायला लावी. ती जवळ गेली की अंग चोरी. आपला नवरा डोळ्यांदेखत कुणीतरी घेऊन चाललंय, एवढं तिला कळत होतं.

आज तो त्याच पायरीवर घसरला. ती धावली.

“शिवू नको!” आवाज बुवांचा होता.

क्षणभर तिचे पाय खिळले. मग तिचं डोकंच फिरलं. “मेलं तुमचं सोवळं!” म्हणत तिनं त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. अंग गारठलेलं होतं. त्यानं डोळे उघडले, पण त्यात वरद नव्हता. त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं, बुडणारा माणूस धरतो तसं.

“त्या दिवशी का न्हाई धरलंस, सूनबाई?” तो म्हणाला. “मी वाट बघून राह्यलो होतो.”