याबे म्हणजे नुसती चावी नव्हे

मित्रांनो, नागापूरच्या एमआयडीसीत बिस्किटांचे पुडे बांधते ती जुनी मशीन मीच. जन्म माझा स्पेनचा. तिकडे बारा वर्षं राबले आणि १९९४ साली लाकडी खोक्यात बसून जहाजाने इकडे आले. नागापूरला खोकं उघडलं तेव्हा शेठनी नारळ फोडला, पेढे वाटले. पण मला चालू कसं करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं माहितीपुस्तक सगळं स्पॅनिशमध्ये!

फिटर अजीजभाई चिकाटीचे. १, २, ३ असे आकडे घातलेल्या पानावर एकच शब्द तीनदा आलेला त्यांनी हेरला. तिकडे त्याचा उच्चार 'याबे' करतात. तो कागदावर उतरवून ते राहुरीला एका प्राध्यापकांकडे गेले. त्यांच्या शब्दकोशात याबेचे ढीगभर अर्थ होते. पण परतीची एसटी सुटेल म्हणून अजीजभाईंनी पहिलाच तेवढा लिहून घेतला. चावी.

झालं! सगळा कारखाना चावी शोधू लागला. खोक्यातला भुसा चाळला. माझ्या अंगावर स्क्रूचं एक रिकामं भोक होतं. त्यात गोदामाची चावी घालून पाहिली, कपाटाची पाहिली, फोरमन श्रीमंत यांनी तर आपल्या लुनाची चावी घातली! मला तोंड असतं तर ओरडले असते, अहो, मला कुलूपच नाही!

आठ दिवसांनी शेठ वैतागले. "शनिवारपर्यंत चालली तर चालली, नाहीतर भंगारात."

शनिवारी दुपारी भंगाराचा टेम्पो फाटकात उभा राहिला. 

"अजीजभाई, सोडा नाद," श्रीमंत म्हणाले. "चावी समुद्रात पडली आसंल."

तेवढ्यात बद्रुन्निसाभाभी किटली घेऊन आल्या. त्या अजीजभाईंच्या पत्नी, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहा करायच्या.

"आठ दिस झालं, चावी चावी लावलंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सकाळी तुमीच म्हनलात, नळाची चावी बंद कर. त्या नळाला काय कुलूप हुतं व्हय?"

"भाभी, तुमी चहा वता," श्रीमंत हसले.

अजीजभाई मात्र हसले नाहीत. त्यांनी पुस्तक उघडलं आणि याबेच्या शेजारी काय आहे ते पहिल्यांदा नीट पाहिलं. पहिल्या जागी १९ आकडा होता आणि चित्रात एक बोल्ट.

"एकोणीस नंबरचा पाना! आना लवकर!"

बोल्ट आवळला. दुसऱ्या जागी चित्रात हवेची नळी होती. त्यांनी माझा पितळी नळ फिरवला आणि सूं करत हवा माझ्या अंगात शिरली. किती दिवसांनी!

"मंग तिसराबी नळच," म्हणत श्रीमंत माझ्याभोवती फिरले. नळ काही सापडेना. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

भाभींनी पुस्तकात डोकावलं. "हितं तर इजंचा बान काढलाय. इजंला कुठं नळ आसतो?"

अजीजभाई धावत माझ्या मागे गेले. तिथे एक लाल दांडा होता. श्रीमंत आठ दिवस त्यावर आपला शर्ट टांगत होते! शर्ट भिरकावून अजीजभाईंनी दांडा खाली ओढला. मेन स्विच! पाना, नळ, स्विच, तिकडे या सगळ्यांना याबेच म्हणतात.

मी थरथरले, घरघरले आणि सुरू झाले! पहिला पुडा बाहेर पडला तो अजीजभाईंनी भाभींच्या हातावर ठेवला. टेम्पो रिकामाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी भाभींनी पांढऱ्या रंगाने माझ्या अंगावर तीन जागी लिहिलं: पाना १९, हवेचा नळ, मेन स्विच. त्यानंतर मी एकदाही अडून बसले नाही.

मित्रांनो, नवा शब्द भेटला की पहिलाच अर्थ घेऊन पळू नका. तो कुणाशेजारी बसलाय ते बघा. आणि हातातलं काम सोडून कुणी चार शब्द सांगायला आलं, तर त्याला हसू नका. माणूस आहे तोवर ऐकून घ्या.

दोन वर्षांपूर्वी बद्रुन्निसाभाभी आजारपणात गेल्या. परवा मला नवा रंग द्यायला माणसं आली, तेव्हा रंग लागू नये म्हणून अजीजभाईंनी भाभींच्या त्या तीन ओळींवर कागद चिकटवून घेतले.

"लई पुसट झालंय, भाई," श्रीमंत हळूच म्हणाले. "छापील पट्ट्या लावू की."

"ऱ्हाऊ द्या," अजीजभाई म्हणाले. "मला वाचता येतंय."