गरुडाची खूण

सन १९४५च्या एप्रिल महिन्याची अखेर. स्थळ, एल्बे नदीच्या पूर्वतीरावरील एक रान. रशियन सैन्य दोन कोसांवर आले होते. छातीवर गरुडचिन्ह दिसताच ते गोळी घालतात, या धास्तीने शिपाई क्रालने कोटावरचा जर्मन गरुड उसवून फेकला.

"अरे गाढवा," सोबतचा म्हातारा हाउके म्हणाला, "गरुड उडाला, पण घरटं राहिलं की!"

उन्हाने विटलेल्या कोटावर पसरल्या पंखांची गडद आकृती उमटली होती. क्रालने घाईघाईने तिला चिखल फासला.

पण आधी आले ते जर्मनांचेच लष्करी पोलीस. त्यांच्या नायकाने अंगठ्याने चिखल पुसला.

"साहेब, काट्यात अडकून फाटला..."

"काटा टाके उसवत नाही," नायक शांतपणे म्हणाला. "पळपुटा आहे. दोर आणा."